आल्या पावली

केमीत नोव्हेंबरात सूर्य
जेवणाच्या सुट्टीपुरता येतो.
आमच्या कारखान्याला त्याचं काही नाही.
इथला दिवा जांभळा, तोही झाकणाआड,
आणि प्लास्टिकची फीत
एका गुंडाळीवरून सुटून दुसरीवर चढते
रात्रभर, मिनिटाला अकरा मीटर.
ताण जरा वाढला तर ती गुणगुणते.
कमी झाला तर मी.

मधे रूळ. रुळावर निकेलचा पत्रा,
पत्र्यावर कोपरेच कोपरे,
तीन भिंती एकमेकींना टेकतात तसे,
पण माझ्या करंगळीच्या नखावर
काही हजार मावतील एवढाले.
पातळ राळ त्यांत शिरते,
दिवा तिला तिथल्या तिथे घट्ट करतो
आणि फीत सोलून निघते
अंगभर कोपरे घेऊन.

उजेड अशा कोपऱ्यात शिरला
की तीनदा आपटतो
आणि आल्या पावली परत जातो,
ज्याचा त्याच्याकडे.
शेजारी उभा असेल त्याला काही दिसत नाही.
इल्पो हेच नव्या पोरांना दाखवतो,
टॉर्च त्यांच्या डोळ्याशी धरायला लावून.
फीत लखकन पेटते, पोरं हसतात.
मग म्हणतो, 'आता टॉर्च इकडे द्या
आणि तुम्ही बघत राहा.'

आमच्याकडे हे कोटाला दोऱ्याने लटकतं.
शाळेतली पोरं लावतात, पाद्री लावतो,
कुत्र्यांच्या पट्ट्यांना असतं.
अंधार सगळ्यांना सारखाच पुरतो.

मंगळवारी फितीत एक काळा ठिपका आला.
इल्पोने ती टेबलावर ताणली, टेप लावली.
चौऱ्याण्णव सेंटिमीटर.
पुन्हा चौऱ्याण्णव.
पुन्हा.
'खोट अशी मोजून येते,' तो म्हणाला,
'तेव्हा ती फितीची नसते. रुळाची असते.'

रूळ मी पुसला होता.
चिमटा माझ्या हातून सटकला होता,
टक्, एवढाच आवाज,
आणि तो मी कुणाला सांगितला नव्हता.
रुळाने सांगितला.
सहाशे मीटर सांगत राहिला.

पगारातून काही कापलं नाही. पत्रा बदलला.
इल्पोने त्या रात्री मला न विचारता
माझ्या कपात कॉफी ओतली.
हे त्याचं रागावणं की सोडून देणं,
दहा वर्षांत मला कळलेलं नाही.

भंगारातले तीन मीटर मी घरी नेले,
बापाच्या कोटाला शिवले.
ताउनो, एक्केचाळीस वर्षं
लाकडाचे ट्रक चालवलेला माणूस,
हल्ली रात्री उठून ट्रक शोधायला निघतो.
ट्रक विकला त्याला सोळा वर्षं झाली.
दाराला कडी घातली तर खिडकीशी बसतो
आणि मला नुसतं बघतो.
मग मीच कडी काढते.

शिवताना सुई सारखी घसरत होती,
कोपऱ्यांवर धागा धरत नाही.
ठिपका पोटावर आला, बटणांच्या डावीकडे.
उसवून सरकवता आला असता.
कंटाळा केला.

परवा पाळी संपवून परत येताना,
पहाट म्हणायची ती घड्याळापुरती,
गिरणीच्या वळणाअलीकडे
कमरेएवढ्या उंचीवर
एक आडवी रेघ पेटली.
माणूस नव्हता, कोट नव्हता, नुसती रेघ,
तीत एक काळा ठिपका.
हजार माणसांत ओळखला असता मी तो,
माझ्या चिमट्याचा.

ब्रेक. बर्फावर गाडी जरा आडवी झाली.
तो थांबला, हाताने डोळे झाकले,
आणि मोठ्या रस्त्यावरच्या त्या जुन्या आवाजात
ओरडला,
'दिवे खाली कर!
समोरून माणूस येतोय, दिसत नाही?'

मी दिवे खाली केले.
तरी तो दिसत राहिला,
ठिपक्यासकट.